निर्मलाबाई आणि ढोलीतलं नाटक

कुठलंही यंत्र उघडण्याआधी निर्मलाबाई पायातल्या चपला काढत, खिडकीचा लोखंडी गज मुठीत धरत आणि क्षणभर डोळे मिटत. आरमोरीच्या बसस्टँडमागे त्यांची टायपिंगची संस्था होती. तिथं पहिल्यांदा येणाऱ्याला वाटे, बाई देवाचं नाव घेताहेत. मग तोही आपसूक हात जोडी. खरी गोष्ट वेगळीच होती. बाई नागपूरला जाऊन संगणक दुरुस्तीचा छोटा कोर्स करून आल्या होत्या. अंगात साठलेली वीज आधी लोखंडाला शिवून उतरवावी, नाहीतर आतले नाजूक भाग जळतात, असं तिथल्या सरांनी शिकवलं होतं. "मग डोळे कशाला मिटता?" असं मी एकदा विचारलं. "समोरच्यानं चूप बसावं म्हणून," त्या म्हणाल्या. "डोळे उघडे दिसले का लोक बोलूनच राह्यतेत."

मी चंद्रपूरला संगणकाचा डिप्लोमा केलेला, आणि तो गळ्यात ताईत बांधल्यासारखा मिरवणारा. बाईंनी मला शिकवायला ठेवलं तेव्हा संस्थेत एका भिंतीला टाइपरायटर खडखडत होते आणि दुसऱ्या भिंतीला नवे संगणक घुमत होते. या सगळ्या गोंगाटाच्या वर बाईंचा आवाज असे. उंच, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नम्रता नावालाही नाही. "या तालुक्यात मशीनचा आजार ओळखणारी एकच बाई हाये, अन् ते मीच," हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. गंमत म्हणजे ते कुणाला खटकत नसे, कारण बऱ्याचदा ते खरं निघे. आणि खोटं निघालं तरी बाईंच्या आवाजात काही फरक पडत नसे.

त्यांची रीत अशी, की आधी यंत्राला हात लावायचा नाही, मालकाला खुर्चीवर बसवायचं. "मशीन खोटं नाई बोलत जी, माणूस बोलते," हे त्यांचं ठाम मत. एकदा एका दुकानदारानं कीबोर्ड आणला आणि तो आपोआप बंद पडला म्हणून शपथेवर सांगितलं. बाईंनी कीबोर्ड उलटा करून आपटला, तर चहापत्ती सांडली. "हा आपोआप चहा बी पेते का?" त्यांनी विचारलं. दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. माझ्या डिप्लोम्याचंही त्यांना कौतुक नव्हतं. कुठल्याही दुखण्यावर माझं औषध एकच, सगळं पुसून नव्यानं भरायचं. "उद्या तुले सर्दी झाली तं तुयी मानच कापू का?" असं त्यांनी भर वर्गात मला विचारलं होतं.

आता लक्ष्मणभाऊंबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय बाई पुऱ्या कळायच्या नाहीत. लक्ष्मणभाऊ जवळच्याच खेड्यातले, गावच्या तळ्यावर मासे धरणारे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं होतात. त्या दिवसांत भाऊ जाळं बाजूला ठेवून प्रॉम्प्टर होत. आमच्या नाटकांत नट चार गावांतून त्याच दिवशी येतात, दुपारी एकदा वाचन करतात आणि रात्री तोंडाला रंग लावून उभे राहतात. पाठांतर कुणाचं नसतं. पडद्यामागचा प्रॉम्प्टर ओळ सांगतो आणि नट ती उचलून धरतो. भाऊंचं सगळं तारुण्य असं दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी तिसऱ्यांच्या कानात सांगण्यात गेलं. उतारवयात त्यांनी स्वतःचं नाटक लिहिलं. ते हस्तलिखित उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाऊन टाकलं.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. भाऊंनी बल्लारपूरच्या भाच्याकडून त्याचा टाकाऊ झालेला लॅपटॉप मागून आणला आणि बाईंच्या संस्थेत नाव घातलं. दोन्ही हातांची दहा बोटं वापरायची असतात हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. एक बोट उंच धरून ते अक्षर शोधत बसत, गळ टाकून बसावं तसे. "काऊन जी भाऊ, मासा नाई लागून राह्यला का?" बाई पलीकडून ओरडत. सगळा वर्ग हसे आणि भाऊही हसत. आषाढात नाटक लिहून संपलं. धानाची रोवणी झाली, पाऊस झाला, मंडईचा दिवस ठरला. गावानं पहिल्यांदाच आपल्या माणसाचं नाटक घेतलं होतं.

आणि प्रयोगाच्या आदल्या सकाळी भाऊ फडक्यात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून संस्थेच्या दारात उभे राहिले. तो सुरूच होत नव्हता. त्याआधी ते बल्लारपूरला जाऊन आले होते. भाच्यानं डिस्क मेली म्हणून सांगितलं होतं, फेकून द्या म्हणाला होता. नाटकाची दुसरी प्रत जगात कुठंही नव्हती.

"वाचवा जी बाई," एवढंच भाऊ बोलले.

बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मग बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा घरघरला, पीप-पीप-पीप असा तीनदा आवाज आला आणि पडदा काळाकुट्टच राहिला. मी लगेच माझी अक्कल पाजळली. म्हटलं, भाचा बरोबर बोलतोय, नवी डिस्क टाकू.

"अन् नाटक? नव्या डिस्कमंदी नाटक तू लिहशीन का?" बाई कडाडल्या. मग भाऊंकडे वळून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ऐकलं का भाऊ? हे रडून राह्यलं. जे रडते ते जित्तं असते. मेलेलं रडत नाई."

चपला निघाल्या, गज धरला गेला. टेबलावर पितळी परात आली, कारण काढलेला प्रत्येक भाग बाई परातीत ओळीनं मांडत. स्क्रूंसाठी हळदीकुंकवाची कोयरी असे. वरचे स्क्रू हळदीच्या बाजूला, खालचे कुंकवाच्या. "एकेकाले घरी पाठवत जाचं," त्या मला सांगत. "शेवटी जो बसून राह्यला, तोच चोर." त्याप्रमाणे आधी बॅटरी घरी गेली. नुसत्या चार्जरवर लावलं, तरी तेच तीन पीप. मग वर्गातला मोठा मॉनिटर जोडून पाहिला. तोही काळा, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याचा दोष नव्हता. मग बाईंनी लॅपटॉप पालथा घातला आणि पोटावरचं लहानसं झाकण उघडलं. आतून पिवळसर भुसा सांडला. त्यात धानाचा एक अख्खा दाणा होता.

बाईंनी तो दाणा बोटावर घेतला, हुंगला आणि भाऊंकडे पाहिलं. "खरं सांगा भाऊ. पावसाळाभर हे कुठी ठेवलं होतं?"

"फळीवर जी."

बाईंनी दाणा परातीत ठेवला आणि नुसत्या पाहत राहिल्या. त्यांच्या त्या पाहण्यापुढे मोठमोठे ढेपाळत, तिथं भाऊंचा काय पाड!

"ढोलीत," भाऊ खाली मान घालून म्हणाले. "घरवाली म्हणे, फळीवर ओल लागते. धानात काई सादळत नाई."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची भलीमोठी कणगी, शेणानं लिंपलेली. लग्नातल्या शालूपासून बियाण्याच्या हळदीपर्यंत, ओल लागू नये असं जे जे घरात असतं ते आमच्याकडे धानात पुरून ठेवतात. त्यात भाऊंच्या घरच्या काकूंचं काही चुकलं नव्हतं. शालूला पंखा नसतो आणि भोकं नसतात, एवढाच काय तो फरक.

बाईंना हसू आवरेना. "भाऊ, तुम्ही नाटक पेरलं होतं का? उगवन म्हणून?" भाऊंच्याही ओठांवर हसू आलं, पण ते तिथंच थांबलं.

मेमरीच्या पट्टीवर कोंड्याचा पातळ थर चढला होता. बाईंनी तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबरानं हलके घासले, खाच नव्या ब्रशनं झाडली, पट्टी टक्कन बसवली आणि बटण दाबलं. पीप वाजला नाही. पडद्यावर अक्षरं उमटली! "पाहा! म्हटलं होतं का नाई?" बाईंनी दोन्ही हात वर केले आणि तिथूनच रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याला हाक मारून सगळ्या वर्गासाठी आलुबोंडे सांगितले. ते येईपर्यंत पडद्यावर एक पांढरी ओळ येऊन थांबली होती. डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ. बाईंनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच ओळ आली.

आलुबोंडे गार होत राहिले. भाऊ उठले आणि फडकं झटकून घडी करू लागले. "राहू द्या बाई. मी लोकायच्याच ओळी सांगाले जन्मलो," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवलं नाही.

"बसा खाली!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की टाइपरायटर थांबले. "मी आलुबोंडे मांगवले ना? मग? मी एकदा मांगवलेले आलुबोंडे वाया नाई जाऊ देत." मग त्यांनी सगळ्या वर्गाला हात वर करायला लावले, पंखे बंद करवले, आणि त्या शांततेत लॅपटॉपला कान लावून बटण दाबलं. कितीतरी वेळ त्या तशाच वाकून होत्या. "मेलेली डिस्क टकटक करते, नाईतं कण्हते," त्या हळूच म्हणाल्या. "हे तं जागीच नाई झाली. हिच्यापर्यंत वीजच पोचून नाई राह्यली."

डिस्क धरून ठेवणारा स्क्रू बहुधा भाच्याकडेच हरवलेला होता. बसच्या हादऱ्यांनी डिस्क केसभर मागं सरकली होती आणि त्या फटीत कोंडा शिरून बसला होता. बाईंनी ती काढली. पिनांच्या मध्ये धानाचं एक कुसळ आडवं अडकलं होतं. भुवया कोरायच्या चिमट्यानं त्यांनी ते उपटलं, भाऊंच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हा घ्या तुमचा चोर. घरवालीले दाखवा." डिस्क आत ढकलली. बटण दाबलं. घर्र आवाज झाला. आणि पडद्यावर निळं आभाळ अन् हिरवी टेकडी झळकली.

मी चक्क नाचलो. मुलींनी टाइपरायटरच्या घंट्या वाजवल्या. बाईंनी मात्र कुणाला हात लावू दिला नाही. आधी नाटकाच्या तीन ठिकाणी प्रती केल्या. "एकुलतं लेकरू एकटं नाई पाठवत बाहेर," त्या म्हणाल्या. मग छपाई सुरू झाली. प्रिंटरमधून एकेक पान कुरकुरत बाहेर येई आणि बाई ते भाऊंच्या हाती देण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवत. दुपार टळेपर्यंत अख्ख्या वर्गाला नाटक पाठ झालं. आलुबोंडे गारच खाल्ले आणि कधी नव्हे इतके गोड लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या गावी गेलो. मंडप तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशीच होता. बाई पहिल्या रांगेत, शाल पांघरून, गावच्या पाटलीणबाईंच्या शेजारी. पडदा उघडला. नट मधोमध येऊन उभा राहिला आणि ओळीची वाट पाहू लागला. ओळ आलीच नाही. नट घाम पुसू लागला, लोक चुळबुळू लागले. पडद्यामागं भाऊंच्या हातात पान होतं, ओळ डोळ्यांसमोर होती, पण ती स्वतःची होती. तिच्यापाशी येऊन त्यांचा आवाजच फुटेना, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. क्षणभर मला वाटलं, आता हूटिंग होणार. तेवढ्यात बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाटकातलं पहिलं वाक्य सगळा जोर लावून म्हटलं: "उठा हो उठा, तळं फुटलं!"

मागच्या रांगेतली दहापाच माणसं फावडी शोधत खरोखरच पाळीकडे धावली. काय झालं ते कळायला मंडपाला थोडा वेळ लागला, आणि मग जो हशा उठला तो थांबता थांबेना. धावलेले लोक परत येऊन सगळ्यांत जास्त हसत होते. त्या हशात पडद्यामागून भाऊंचं हसू ऐकू आलं आणि त्यामागोमाग त्यांचा आवाज, स्वच्छ, ओळीमागून ओळ. मग ते नाटक एकदाही अडलं नाही.

पुढे संस्था बंद झाली. बाई भद्रावतीला मुलाकडे, फॅक्टरीच्या वसाहतीत राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या. शेवटी भेटलो तेव्हा बाई थकल्या होत्या, पण शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसल्या होत्या आणि शेजारीण खुर्चीवर गुन्हेगारासारखी बसली होती. मी सुटे भाग विकत आणून भराभर जोडणारा माणूस. पण आजही एखादं यंत्र बंद पडून समोर येतं तेव्हा मी आधी कान लावतो. एवढं बाईंनी मला घडवलं, आणि ते मी उघडपणे सांगतो.

मला बाई आठवतात त्या मात्र त्या मंडपातल्या. उजाडत आलं होतं. नाटक संपलं तरी लोक उठत नव्हते, लेखकाला बोलवा म्हणून ओरडत होते. दोघा नटांनी भाऊंना धरून पडद्याच्या पुढे आणलं. इतक्या वर्षांत त्या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते. हातात माइक दिला, तर सवयीनं ते कुजबुजले. कुणाला काही ऐकू आलं नाही. बाईंचे डोळे भरून वाहत होते. ते पुसायच्या भानगडीत न पडता त्या खुर्चीवर चढल्या आणि ओरडल्या, "भाऊ, जोरानं बोला जी! आता नाटक तुमचं हाये!"