सरोजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वत्सलाबाई

गौरवग्रंथाच्या मंडळींनी हा लेख फार आधी मागितला होता. उशीर झाला, त्याची क्षमा असावी. लिहायला बसलो की हात अडतो. माझं शिक्षण कन्नड सातवीपर्यंतचं. मराठी घरची, आईच्या तोंडून आलेली. बाईंच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात माझ्या हातून काही भलतंच छापून गेलं तर काय, या धास्तीने कितीदा लिहिलं आणि फाडलं. आता छपाई माझ्यासाठी अडली आहे असा निरोप आला, म्हणून जमलं तसं पाठवतो.

अ‍ॅडव्होकेट वत्सलाबाई जगताप यांची माझी पहिली भेट झाली ती माझी बायको सरोजा वारल्यानंतर. लष्कर मोहल्ल्यात माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान. बाईंच्या ऑफिसात पाऊल टाकलं. हातातली कागदांची पिशवी मी एकदम पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही.

"मोहितेराव, कूत्कोळ्ळी, आधी बसा," त्या म्हणाल्या. "कागद मी रोजच वाचते. सरोजाबाई कशा होत्या ते सांगा."

तोवर कुणी हे विचारलंच नव्हतं. मी रडलो. बाई थांबून राहिल्या, घड्याळाकडे पाहिलं नाही.

सरोजाला साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी एक नवी गोळी लिहून दिली. साखर खाली आली, घरात सगळे खूश. काही महिन्यांनी तिचे पाय सुजू लागले. आमच्या घरात लग्न झालेली बाई पायातली जोडवी काढत नाही. ती रुतायला लागली तेव्हा मी म्हटलं, काढून ठेव थोडे दिवस. तर म्हणते, "जोडवी काढायची ती तुम्ही गेल्यावर. तुम्हाला घाई आहे का?" आणि हसत हसत गेली आमच्या ओळखीच्या नागप्पाचारी सोनाराकडे, जोडवी सैल करून घ्यायला. पुढे पुन्हा एकदा गेली. नंतर जिना चढताना धाप लागू लागली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ही गोळी कधीपासून चालू आहे? हिने अंगात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो." आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मेडिकलवाला पट्टी कापून लागतील तेवढ्या गोळ्या देतो. इशाऱ्याचा बारीक इंग्रजी कागद त्याच्या डब्यातच राहतो.

बाईंनी गोळीच्या कंपनीवर ग्राहक मंचात दावा लावला. अशा केसला हात लावायला दुसरे वकील तयार नव्हते. बाई तेव्हाही तरुण नव्हत्या. पण डॉक्टरी पुस्तकं आणून वाचायच्या आणि न कळलेलं डॉक्टरांना जाऊन विचारायच्या. "मला समजलं नाही तर मंचाला काय समजावणार?" असं म्हणायच्या.

बाईंचा खरेपणा सांगायचा तर एकच गोष्ट पुरे. जबाब लिहिताना माझा जावई म्हणाला, "मॅडम, ते सोनाराचं नको लिहायला. सूज आली तशी डॉक्टरांना दाखवली, एवढंच म्हणू. कुणाला कळतंय?"

बाईंनी चष्मा काढला. "मला कळतंय ना. सरोजाबाईंना न्याय मिळवायचाय आणि सुरुवात खोट्याने? अय्यो, असलं मला जमायचं नाही. जोडवी सैल केली ती गोळी सुरू झाल्यानंतरच. सूज कधीची आहे ते त्यावरूनच दिसतं. जे झालं ते सांगू."

मंचासमोर कंपनीचे वकील, बेंगळूरहून आलेले, मोठ्याने म्हणाले, "पाय सुजले तर माणूस डॉक्टरकडे जातो. यांच्या घरची बाई सोनाराकडे गेली!" मागच्या बाकांवर हशा पिकला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. बाई सावकाश उठल्या. कन्नडमध्ये बोलल्या, मी माझ्या शब्दांत लिहितो. "होय, सोनाराकडे गेली. सूज म्हणजे धोका, हे तिला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी गोळी तिच्या घरापर्यंत पोचवली आणि तेवढी एक ओळ पोचवली नाही. हसायचंच असेल तर आधी ती ओळ दाखवा." मंचाने निकाल आमच्या बाजूने दिला.

पण कंपनी वर अपिलात गेली आणि बेंगळूरच्या राज्य आयोगात आम्ही हरलो. हृदय साखरेच्या आजारानेही बिघडू शकतं, गोळीमुळेच बिघडलं हे सिद्ध झालं नाही, असं ते म्हणाले. त्याहून वाईट म्हणजे निकालात एक वाक्य आहे, की मयत बाईने सुजेकडे स्वतःच दुर्लक्ष केलं. म्हणजे सरोजा आपल्या चुकीने गेली, असं सरकारी कागदावर कायमचं झालं.

हे सांगायला बाईंनी कारकुनाला पाठवलं नाही. भर दुपारी ऑटोने स्वतः घरी आल्या. गुडघे दुखत असूनही खाली चटईवर बसल्या. मग म्हणाल्या, "सोनाराचं मीच लिहायला लावलं. त्यांनी तेच उचललं."

जावई दारात उभा होता. तो काही बोलेल या भीतीने मी घाईने म्हटलं, "बाई, कॉफी घ्या." त्यांनी घेतली. निघताना म्हणाल्या, "दिल्लीच्या आयोगात जाऊ. मला ते वाक्य काढून टाकायचंय, मोहितेराव. बाकी मिळो न मिळो."

बाईंनी केलेलं वाया गेलं असं कुणी समजू नये. त्या काळात बाई आमच्या मोहल्ल्यात आल्या, बायकांना बसवून गोळीबरोबरचा कागद मागून घ्यायला शिकवलं. आता आमच्या गल्लीतली कुणीही बाई मेडिकलच्या काउंटरवर हात आपटून म्हणते, "कागद कोडि!" म्हणजे कागद द्या. दुकानदार वैतागतो, "अक्का, इंग्लिश येतं का तुम्हाला?" तर म्हणते, "माझ्या नातीला येतं. तू दे." हे ऐकलं की बरं वाटतं, आणि लगेच वाटतं, सरोजाच्या वेळी हे असतं तर.

दिल्लीची तारीख अजून लागलेली नाही. आणि गेला महिनाभर बाई कोर्टात येत नाहीत असं ऐकतो. ऑफिसात फोन केला तर "मॅडम रेस्टमध्ये आहेत" एवढंच सांगतात. घरी जावं तर, केससाठी आला असं वाटेल म्हणून पाय उचलत नाही. लोक म्हणतात, दुसरा वकील बघा. मी बघणार नाही. ते वाक्य निघेल तर बाईंच्या हातून निघो. नाही निघालं, तर तिची चूक नव्हती असं भर कोर्टात उभं राहून सांगणारं एक माणूस सरोजाला मिळालं, हे माझ्यापुरतं पुरे.

वत्सलाबाईंना चामुंडीदेवी उदंड आयुष्य देवो, आणि त्याबरोबर दुखण्यावाचूनचे दिवस देवो. नुसतं आयुष्य मागून भागत नाही, हे आता कळलं आहे.

हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी किंवा छापणाऱ्यांपैकी कुणी बाईंच्या घरी जात असाल, तर दुकानावर एवढा निरोप लवकर पाठवा की बाई कशा आहेत, जेवतात का, झोप लागते का. तारखेचं नंतर कळवलं तरी चालेल.