कुसुमला गांधीलमाशी चावली तेव्हा

मंडळी, आज सकाळी पणतीला मधमाशी चावली. थंड पाण्याच्या पट्टीने सूज उतरली, पण मला लहानपणची, पन्नासच्या दशकातली डोंबिवली आठवली.

माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, अंगणात गांधीलमाशी चावली. आई चुना लावत असतानाच कुसुमचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला.

"चुना राहू दे, डॉक्टरकडे नेतो!" आमचे वडील, अण्णा, तिला उचलून अनवाणीच धावले.

मला त्यांनी असं कधी उचललं होतं? इंजेक्शन घेऊन ती त्यांच्या खांद्यावर झोपून परतली, तेव्हा मी इतकी जळले की मलाही चावावं म्हणून काठी घेऊन थेट गांधीलमाश्यांच्या पोळ्याकडे निघाले.

अण्णांनी मनगट धरून मागे ओढलं. "तुला काही झालं असतं म्हणजे?"

तरी कुसुमचा हेवा अजून वाटतोच. तुम्हालाही वाटलाय का कधी, आजारी भावंडाचा?