हिरेकल्लूरचा वीरगळ

चन्नवीरप्पा कोडलींची पिठाची गिरणी. आमच्या इतिहास मंडळात हिंडू-फिरू शकणारे आता ते आणि मी, दोघंच उरलोय, बाकीच्यांचे फोटो भिंतीवर.

हिरेकल्लूरच्या तळ्याकाठी बायका ज्या दगडावर धुणं आपटत, तो वीरगळ आहे हे चन्नवीरप्पांनी ओळखलं. गावासाठी लढून मेलेल्या कुणाचा तरी दगड, तोंड चिखलात. कडेखाली हात घालून त्यांनी अक्षरं चाचपली आणि लहान पोरासारखे हसले. या गावाबद्दल आजवर कुठं एक अक्षर सापडलं नव्हतं. तो कोण, कशापायी मेला, सगळं त्या दगडाच्या पोटाखाली.

पण दगड उलटायला माणसं येईनात.

"पिठानं डोळे गेले वाटतं तुझे, अप्पा," म्हातारी निंगव्वा म्हणाली. "आता माझी धुण्याची जागा खातोस?"

"अगं, ज्यानं तुमच्यासाठी जीव दिला त्याच्या पाठीवर लुगडी आपटतेस. देव आहे तो तुमचा."

हे मात्र लागू पडलं. दुसऱ्याच दिवशी गावानं दोरखंड लावून दगड उलथला. अक्षरांत चुनखडी घट्ट बसलेली, काही वाचता येईना. अंधारूनही आलेलं.

"सोमवारी कागद-शाई आणून ठसा घेतो," चन्नवीरप्पा म्हणाले. "तोवर घासून स्वच्छ करून ठेवा."

मीही मान डोलावली.

सोमवारी गेलो तर मांडव पडलेला, ढोल वाजत होता. वीरगळ चौथऱ्यावर उभा, आणि आरशासारखा लखलखत होता.

"बायकांनी घासघास घासला, खडबड जाईना," मल्लनगौडा पाटील कौतुकानं सांगत होते. "शेवटी इळकलहून फरशी घासायचं मशीन आणवलं. बघा, तोंड दिसतंय."

चन्नवीरप्पांनी दगडावरून तळवा फिरवला. वरून खाली, परत खालून वर.

"गौडा, इथं अक्षरं होती."

"खड्डे होते हो नुसते. देवाच्या अंगावर खड्डे बरे दिसतात? तुम्हीच तर घासा म्हणालात."

चन्नवीरप्पांनी दगडावरून हात काढून घेतला.

"बरं, देवाचं नाव सांगा. पुजारी खोळंबलाय."

"माहीत नाही."

"एवढी पुस्तकं चाळलीस आणि नावही माहीत नाही?" निंगव्वा म्हणाली. मांडवात हशा पिकला. त्यात वाईट काही नव्हतं, माणसं खुशीत होती.

मग चन्नवीरप्पांना शाल झाली, हार झाला. मशीनवाल्यानं त्या गुळगुळीत अंगावर खालच्या बाजूला वर्गणीदारांची नावं कोरली होती.

"तुम्हीच वाचा, अप्पा," गौडा म्हणाले. "दगड वाचणारं माणूस दुसरं कोण आहे इथं?"

चन्नवीरप्पा एकेक नाव वाचत गेले. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. शेवटच्या ओळीला ते थांबले.

"वाचा की, लाजता काय?"

तिथं त्यांचंच नाव होतं. तेही त्यांनी वाचलं.