वर्ना लाह्तीचे वाकडे रांजण

अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावात वर्ना लाह्तीला सगळे ‘मगवाली’ म्हणत. एकोणीस वर्षं तिने मातीचे निळे मग घडवले, प्रत्येकावर एक लून, म्हणजे इथला पाणपक्षी. उन्हाळ्यात इथलं मोठं सरोवर बघायला आलेले लोक तेच मागत. एकदा तिने लाल मातीचे रांजण मांडले, तर गिऱ्हाईक बायका म्हणाल्या, “छान आहेत, पण पक्षी कुठाय?” झालं, पुन्हा पक्षी.

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात नाताळसाठी लावलेली अख्खी भट्टी बिघडली. निळा रंग ओघळून सगळे मग भट्टीतल्या फळ्यांना चिकटले. वर्ना तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. धाकटी बहीण मार्लिस वेलदोड्याचा पाव घेऊन आली, तर ही भिंतीकडे तोंड करून पडलेली.

“अगं, भांडीच होती ना ती?”

“तेच तर! भांडी बिघडली आणि मला वाटतंय मीच बिघडले. घर त्यांच्यावर चालतं, लोक मला त्यांच्यावरून ओळखतात, माझ्या नजरेत माझी किंमतही त्यांच्यावरूनच. मातीवर एवढा भार कशाला टाकायचा मी?”

चौथ्या दिवशी तिने आंघोळ केली आणि शाळेच्या बसडेपोत अर्ज टाकला. मी तिथे अकरा वर्षं बस चालवते, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलं.

मार्लिस भडकली. “तू कलाकार आहेस, वर्ना! बस काय, कुणीही चालवतं.”

“मग ये की, चालवून दाखव.”

बसच्या लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत वर्ना नापास झाली. हवेचे ब्रेक तपासायचा क्रम चुकला. डेपोतल्या एकाने टोमणा मारला, “मगवाली बाई, हे चाक वेगळं असतं हं!” ती हसली नाही. मला म्हणाली, “क्रम परत सांग.” आठवडाभर रोज दुपारी रिकाम्या बसमध्ये बसून मोठ्याने घोकत राहिली. दुसऱ्या खेपेला पास.

त्या हिवाळ्यात तिने मातीला हात लावला नाही. न राहवून मी विचारलं, “सुटलं का गं?”

“माहीत नाही. सुटलं तर सुटलं. मी तर आहेच ना?”

एप्रिलात बर्फ वितळला आणि ती नदीकाठची लाल माती बादल्या भरभरून आणू लागली. कमरेएवढे रांजण घडवायची, जाड, वाकडे. पूर्वी तिचे मग विकणारी दुकानवाली जोन एका शनिवारी आली.

“दे मला हे. आठवड्यात विकते. फक्त जरा लहान कर, आणि निळे.”

“नाही, जोन.”

“अगं, विकायचे नाहीत तर करतेस कशाला?”

“वाकडे का होतात ते बघायचंय मला.”

जोन समजूत घालून दमली, कॉफी पिऊन गेली.

गेल्या वर्षी एका म्हातारीला अंगणातला रांजण आवडला. वर्नाने तो विकला. मी चिडवलं, “घेतलेस ना पैसे?”

“घेतले की! विकण्याशी माझं वैर नाही. पण तो तिच्यासाठी घडवला नव्हता.”

परवा तिने मला रांजण उचलायला बोलावलं. त्याची मान भलतीच लांब. मी म्हटलं, “हा भट्टीत पडणार बघ.”

“पडला तर पुढच्याचं बूड जाड करेन,” ती म्हणाली. “धर तिकडून, सोमवारी सकाळी सहाला मला बस काढायचीय.”