वाहरूने निवडलेली जागा

अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरांत आमचा पाडा. आमचा म्हणायचं, मी तिथला मास्तर आहे इतकंच. कुणाला घर बांधायचं असलं की जागा वाहरू दाखवायचा. घरं लाकडी खांबांची, त्यामुळे पहार जिथे दोन हात सहज उतरेल ती जागा उत्तम, हा त्याचा नियम. चाळीस वर्षांत त्याने रोवलेला एकही खांब कलला नव्हता आणि हे तो स्वतःच सांगत हिंडायचा.

बायको गेली आणि तो अगदी एकटा पडला. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर येऊन बसायचा. मुलगा जामसिंग नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला. पक्कं घर झालं तर बायको-पोरीला घेऊन परत येतो, असं तो म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या अंगात बळ संचारलं. ओढ्याकाठी पुरांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकलेला. तिथली सगळ्यात मऊ जागा त्याने लेकासाठी निवडली. रिवाजाप्रमाणे सगळा पाडा राबायला आला, वाहरूने फक्त जेवण घातलं. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि जामसिंग खरोखरच आला. पाच महिने वाहरू शाळेकडे फिरकला नाही, इतका नातीत रमला होता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जमीन हलली. शाळा वर कातळावर आहे. फळ्याजवळचा खडू खाली पडला, बस्स. खाली ओढ्याकाठी मात्र लेकासाठी बांधलेल्या घराची अख्खी भिंत कोसळली आणि नातीचा हात तिच्याखाली सापडला, मोडला. शेजारची खांबांची घरं नुसती करकरली.

नंदुरबारहून पाहणीला आलेला साहेब वाहरूला अहिराणीत म्हणाला, "काका, भांडाले टिचकी मार. भांडं हालत नही, दही हालस. तुन्ही जागा दहीनी शे." म्हणजे, खालचा कातळ जरा हलला तरी वरचा मऊ गाळ कितीतरी जास्त हिंदकळतो. लाकडी घर त्याच्याबरोबर डुलतं, विटांचं फुटतं.

"जागा मीच दावली, साहेब," वाहरू एवढंच म्हणाला.

जामसिंग त्याच आठवड्यात नवापूरला परत गेला. बापाला एका शब्दाने बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून वाहरू शाळेमागच्या कातळावर नव्या घराचा पाया खोदतोय. पहार वीतभरही उतरत नाही. मदतीला येणाऱ्यांना तो हाकलून देतो. मलाही एकदा हाकललं, आणि मी रागावलो, मग रागावल्याची लाज वाटली.

परवा माझ्या फोनच्या स्पीकरवरून त्याने लेकाला कळवलं, एक कोपरा झालाय.  जामसिंग त्यांच्या पावरी बोलीत म्हणाला, पोरगी अजून भिंतीजवळ झोपत नाही, आम्ही आता येणार नाही, बाबा.

वाहरूने फोन परत दिला.

"मास्तर, पोरगी झोपते तिथं खाली कातळ आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. आहे, म्हणालो.