एकवीस विरुद्ध पंधरा, आणि तरी भाकऱ्या माझ्याकडे!

मित्रांनो, हाताचं पीठ धुऊन थेट लिहायला बसलोय!

आज दुपारी कराडला ताईकडे युद्धाच्या खेळाचा पट मांडला होता. समोर दाजी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. पैज अशी, की हरेल त्याने साऱ्या घराच्या भाकऱ्या थापायच्या.

शेवटी माझा एकच किल्ला उरला, आत एक शिपाई. हल्ल्याला दाजींचाही एकच. दोघांनी एकेक फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकणार. बरोबरी झाली तर किल्ला राखणाऱ्याचा.

"निम्मं-निम्मं हाय, पाव्हणं. करतो हल्ला," दाजी म्हणाले.

मी उठूनच उभा राहिलो. "आवं दाजी, कसलं निम्मं! दोन फाशांच्या छत्तीस जोड्या. सहा बरोबरीच्या, त्या माझ्या. उरलेल्या तीस निम्म्या-निम्म्या. म्हणजे एकवीस माझ्या, पंधरा तुमच्या. थांबा, कुमक येऊ द्या!"

शत्रूलाच सल्ला देतोय, हेही मी विसरलो.

"झालं का भाषण?" म्हणत दाजींनी फासा टाकला. पाच. माझा पडला दोन!

भाकरी थापतानाही मी ओरडत होतो, "हिशोब माझाच बरोबर! धा येळा टाका, मग कळंल!"

"लढाईत धा येळा कोण देतंय, पाव्हणं?"

वाक्य काळजात घुसलं. तरी मी मागे हटणार नाही. संधी एकदाच मिळणार असेल, तर आधी मोजायलाच हवं!

तुम्ही काय कराल? मोजाल, की फासा टाकून मोकळे व्हाल?