पेशीचा राखणदार

आमच्या अंगणवाडीत बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती द्यायला ओरोसहून एक नर्सबाई येतात. छत्री दाराला अडकवतात, पदराने चष्मा पुसतात आणि सरळ मालवणीत सुरू करतात. म्हणजे करायच्या.

"बायांनो, गावाक जसो राखणदार, तसो अंगातल्या दर पेशीक एक राखणदार आसता. पेशी एकाची दोन होताना तो 'आता पुरे, थांब' म्हणता. ह्या रोगाचो विषाणू आत शिरता आणि पयलो तेकाच मारता. मगे पेशी वाढतच ऱ्हवता. म्हणान येळेर तपासून घेवा."

इतकं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं.

ऐकणाऱ्यांतल्या एकीला पाळी गेल्यावरही अंगावरून जात होतं. ती तपासणीला गेली नाही. वडाखालच्या राखणदाराला, गावच्या रक्षक देवाला, तिने नारळ दिला आणि वर्षभर गुण यायची वाट पाहिली. शेवटी नर्सबाईच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा उशीर झाला होता.

"बाई, राखणदाराचा तुमीच सांगितलास ना?" ती एवढंच म्हणाली.

ती वारल्यावर नर्सबाई पुन्हा आल्या. छत्री अडकवली, चष्मा बराच वेळ पुसला आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाल्या, "विषाणूमुळे पेशीविभाजनावर नियंत्रण ठेवणारी प्रथिने निष्क्रिय होतात." बायकांनी माना डोलावल्या. कुणाला काही कळलं नाही, आणि ते नर्सबाईंनाही दिसत होतं.

त्या दिवशी नारळ घेऊन निघालेल्या तिला मी याच दारातून विचारलं होतं, "खंय जातंस गो?" तिने हसून नारळ दाखवला, मीही हसले.

हे मी नर्सबाईंना अजून सांगितलेलं नाही.